इराणमध्ये माणसं पुन्हा पुन्हा रस्त्यावर येतात, तरी राजवट का पडत नाही?

16 सप्टेंबर 2022 रोजी तेहरानमधल्या एका रुग्णालयात महसा अमिनी नावाची 22 वर्षांची मुलगी वारली. ती कुर्दिस्तान प्रांतातल्या सक्केझची, घरी तिला जिना म्हणत. भावाबरोबर ती राजधानीत आली होती. 13 तारखेला ‘गश्त-ए-इर्शाद’ने, म्हणजे बायकांचे कपडे तपासत फिरणाऱ्या पोलिसांनी, हिजाब नीट नाही म्हणून तिला गाडीत बसवून नेलं. थोड्याच वेळात ती कोमात गेली. सरकारने सांगितलं की तिला आधीपासूनच आजार होता. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने मार्च 2024 मध्ये दिलेल्या अहवालात मात्र स्पष्ट लिहिलं, की ताब्यात असताना झालेल्या शारीरिक हिंसेमुळे तिचा मृत्यू झाला आणि त्याला सरकार जबाबदार आहे.

दुसऱ्या दिवशी सक्केझला तिचा दफनविधी झाला. तिथे जमलेल्या बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढले आणि ‘जिन, जियान, आझादी’ ही कुर्दी घोषणा दिली. स्त्री, जीवन, स्वातंत्र्य. पुढचे काही महिने ती घोषणा देशभर घुमत राहिली, विद्यापीठांत, शाळांच्या आवारात, रात्री घरांच्या गच्च्यांवर. त्याच अहवालानुसार या काळात 551 आंदोलक मारले गेले, त्यांत किमान 49 स्त्रिया आणि 68 मुलं होती. अटका किती झाल्या याचा अंदाज सरकारच्याच एका आकड्यावरून येतो. मार्च 2023 मध्ये इराणच्या सरन्यायाधीशांनी जाहीर केलं, की आंदोलनाच्या प्रकरणांत 22,000 जणांना माफी दिली. माफी मिळालेलेच एवढे.

एवढं होऊनही राजवट टिकली. आपल्याकडे त्या दिवसांत अनेकांना प्रश्न पडला होता, की इतकी माणसं विरोधात असताना हे सरकार टिकतं कसं? या लेखात ताज्या घडामोडी नाहीत. रोजच्या बातम्यांमागे जी यंत्रणा उभी आहे, ती कुठून आली आणि कशी चालते, हे समजून घ्यायचं आहे. माझ्या मते त्याचं उत्तर 1978 सालात आहे. आजचे राज्यकर्ते स्वतः रस्त्यावरून सत्तेत आले. जनता सिंहासन कसं उलथवते हे त्यांनी जवळून पाहिलं होतं, आणि सत्ता हाती आल्यावर त्यांनी त्यातली एकेक वाट बंद केली.

शहा कसा पडला

जानेवारी 1978 मध्ये, इराणवर मोहम्मद रझा शहा या राजाची सत्ता असताना, ‘इत्तलात’ या दैनिकात आयातुल्ला खोमेनींची बदनामी करणारा एक लेख छापून आला. शहाचे कडवे विरोधक असलेले हे धर्मगुरू तेव्हा देशाबाहेर हद्दपारीत होते. 9 जानेवारीला कोम या धर्मपीठाच्या शहरात त्याविरुद्ध मोर्चा निघाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. शिया परंपरेत मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी शोकसभा होते. कोमच्या मृतांच्या चाळिसाव्याला, 18 फेब्रुवारीला, तबरीझ शहर पेटलं आणि तिथेही माणसं मारली गेली. त्यांच्या चाळिसाव्याला मार्चअखेरीस याझ्द उठलं. (मुंबई-पुण्यात इराणी हॉटेलं काढणाऱ्या झरथुष्ट्री कुटुंबांपैकी बरीच याच याझ्द भागातून आलेली.) प्रत्येक गोळीबार चाळीस दिवसांनंतरच्या मोर्चाची तारीख ठरवून ठेवत होता. शहाच्या पोलिसांकडे यावर उपाय नव्हता, कारण शोकसभेवर बंदी घालणं म्हणजे धर्माच्या आड येणं.

8 सप्टेंबरला तेहरानच्या झाले चौकात लष्कराने गर्दीवर गोळीबार केला. तो दिवस इराणी लोक ‘काळा शुक्रवार’ म्हणून लक्षात ठेवतात. त्यानंतर जे घडलं ते मोर्चांपेक्षा निर्णायक ठरलं. तेल कामगार संपावर गेले. दिवसाला सुमारे 60 लाख पिंपांचं उत्पादन 15 लाखांच्या आसपास आलं. बाजार बंद राहू लागले. सरकारी कचेऱ्या, बँका, वीजकेंद्रं एकामागून एक संपात उतरली. 16 जानेवारी 1979 ला शहा देश सोडून गेला, 1 फेब्रुवारीला खोमेनी पॅरिसहून परतले, आणि 11 फेब्रुवारीला सैन्याच्या सेनापतींनी आपण तटस्थ राहत असल्याचं जाहीर केलं. त्या घोषणेबरोबर राजेशाही संपली.

यातल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. सरकारच्या हाताबाहेरचं एक जाळं होतं: मशिदी, बाजारातल्या व्यापाऱ्यांचा पैसा आणि खोमेनींच्या भाषणांच्या कॅसेट. तेल थांबलं, म्हणजे तिजोरी थांबली. आणि शेवटी बंदूकधाऱ्यांनी बंदूक खाली केली.

मत देता येतं, सत्ता मात्र मतापलीकडे

मार्च 1979 च्या अखेरीस सार्वमत झालं. प्रश्न एवढाच होता: इस्लामी प्रजासत्ताक, हो की नाही? 98 टक्क्यांहून जास्त मतं ‘हो’ पडली. ती देणाऱ्यांत डावे होते, उदारमतवादी होते, नोकरी करणाऱ्या बिनहिजाबाच्या बायका होत्या. शहा गेला याचा आनंद प्रत्येकाला होता, आणि ‘इस्लामी प्रजासत्ताक’ म्हणजे नेमकं काय हे अजून लिहिलंच गेलं नव्हतं. ते लिहिलं गेलं त्याच वर्षाच्या शेवटी. त्यात ‘विलायत-ए-फकीह’चं तत्त्व आलं. म्हणजे शिया श्रद्धेनुसार अदृश्य असलेले बारावे इमाम प्रकट होईपर्यंत समाजाची सूत्रं एका धर्मशास्त्रज्ञाच्या हाती असावीत. हाच सर्वोच्च नेता. सैन्याचे सेनापती, न्यायव्यवस्थेचा प्रमुख, सरकारी रेडिओ-टीव्हीचा प्रमुख हे सगळे तो नेमतो. शुक्रवारच्या नमाजाचे इमामही त्याच्याकडूनच नेमले जातात.

इराणमध्ये निवडणुका होतात आणि त्या निव्वळ नाटक नसतात. राष्ट्राध्यक्ष निवडला जातो, 290 जागांची मजलिस, म्हणजे संसद, निवडली जाते, उमेदवारांत खरी चुरसही असते. गोम आधीच्या पायरीवर आहे. बारा जणांचं एक पालक मंडळ आहे. त्यातले सहा धर्मशास्त्रज्ञ सर्वोच्च नेता थेट नेमतो. उरलेले सहा कायदेपंडित न्यायव्यवस्थेचा प्रमुख सुचवतो आणि मजलिस त्यांतून निवडते. पण त्या प्रमुखाला नेमलेलं असतं सर्वोच्च नेत्यानेच. कोणी निवडणूक लढवायची हे हे मंडळ ठरवतं, आणि मजलिसने केलेला कायदाही तेच रद्द करू शकतं. सर्वोच्च नेत्याला निवडायचा आणि गरज पडली तर काढायचा अधिकार 88 जणांच्या तज्ज्ञ सभेला आहे. ती सभा जनतेच्या मतांनी निवडली जाते, मात्र तिच्या उमेदवारांची चाळणीही पालक मंडळच करतं.

आपल्या सोसायटीच्या निवडणुकीत अर्ज तपासणारी समिती अध्यक्षाच्या माणसांची असावी, आणि अध्यक्षावर अविश्वास आणू शकणाऱ्या सभासदांचे अर्जही त्याच समितीने तपासावेत, तसं हे आहे. मतदान गुप्त ठेवा, मोजणी चोख करा, अध्यक्ष हलणार नाही.

2021 मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी 592 जणांनी नावं नोंदवली, मंडळाने सात ठेवली. 2016 मध्ये तज्ज्ञ सभेसाठी खुद्द खोमेनींच्या नातवाचा अर्ज नाकारला गेला. 2024 मध्ये दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेल्या हसन रुहानींना त्याच सभेची निवडणूक लढवू दिली नाही. लोकांनाही हे कळतं. मार्च 2024 च्या मजलिस निवडणुकीत सुमारे 41 टक्के मतदान झालं, आणि राष्ट्राध्यक्ष रईसींच्या हेलिकॉप्टर अपघातातल्या मृत्यूनंतर त्याच वर्षी झालेल्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीच्या पहिल्या फेरीत सुमारे 40 टक्के. कधीकाळी, 1997 मध्ये खातमींना निवडून देताना, हाच आकडा 80 टक्क्यांच्या आसपास होता. खातमी सुधारणावादी होते, लोकांनी मोठ्या आशेने त्यांना मतं दिली, आणि मग आठ वर्षं त्यांची विधेयकं पालक मंडळात अडकताना पाहिली. 1999 च्या जुलैमध्ये एक सुधारणावादी दैनिक बंद केल्याच्या निषेधार्थ तेहरान विद्यापीठाचे विद्यार्थी उठले, तेव्हा रात्री वसतिगृहात घुसून त्यांना झोडपण्यात आलं. राष्ट्राध्यक्ष खातमीच होते.

2009 मध्ये तर मतमोजणीवरचाच विश्वास गेला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद 62 टक्क्यांहून जास्त मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं आणि ‘माझं मत कुठे आहे?’ असं विचारत लाखो लोक तेहरानच्या रस्त्यावर उतरले. सौम्य प्रश्न होता तो. राजवट उलथवा असं कोणी म्हणत नव्हतं; राजवटीच्याच नियमांनी मोजा, एवढीच मागणी होती. उमेदवार मीर हुसेन मुसवी हे 1980 च्या दशकातले पंतप्रधान, व्यवस्थेच्या आतले. फेब्रुवारी 2011 मध्ये त्यांना, त्यांच्या पत्नी झहरा राहनवर्द यांना आणि दुसरे उमेदवार मेहदी करूबी यांना नजरकैदेत टाकलं गेलं. कोणताही खटला चालला नाही.

मला वाटतं, इथे एक पिढी बदलली. 2009 मध्ये लोक आपल्या मताचा हिशेब मागत होते. 2017 च्या डिसेंबरात मशहदमधून महागाईविरुद्ध सुरू झालेल्या निदर्शनांत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उठावात ‘सुधारणावादी, पुराणमतवादी, दोघांचाही खेळ संपला’ अशा अर्थाच्या घोषणा ऐकू येऊ लागल्या.

हिजाबाचा प्रश्न सक्तीचा आहे

महाराष्ट्रात 2022 मध्ये इराणच्या बातम्या वाचताना अनेकांचा गोंधळ झाला, कारण त्याच वर्षी शेजारच्या कर्नाटकात उडुपीच्या मुली हिजाब घालून वर्गात बसू द्या म्हणून कोर्टात गेल्या होत्या. 13 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या प्रकरणात एकमेकांविरुद्ध निकाल दिले, आणि त्याच आठवड्यात तेहरानच्या शाळांतल्या मुली हिजाब हवेत फिरवत होत्या. कोणी म्हणालं, बघा, तिथे त्यांना नको आणि इथे हवा. पण दोन्हीकडे मुली एकच गोष्ट सांगत होत्या: माझ्या डोक्यावर काय असावं हे सरकारने ठरवू नये.

इराणी बायकांनी ही सक्ती दोन्ही बाजूंनी सोसली आहे. 1936 मध्ये रझा शहाने, म्हणजे 1979 मध्ये पडलेल्या शहाच्या वडिलांनी, बुरखा-चादरीवर बंदी घातली, तेव्हा पोलीस रस्त्यात बायकांची चादर ओढून काढत. पडद्याची सवय असलेल्या कितीतरी जणींनी त्या काळात घराबाहेर पडणंच सोडलं. मग 7 मार्च 1979 ला, क्रांतीला महिनाही झाला नव्हता, खोमेनींनी सरकारी कचेऱ्यांत बायकांनी हिजाबाशिवाय येऊ नये असं म्हटलं. दुसऱ्या दिवशी महिला दिन होता. हजारो बायका तेहरानच्या रस्त्यावर आल्या, काही दिवस येत राहिल्या. ‘आम्ही मागे जायला क्रांती केली नव्हती,’ ही त्यांची घोषणा. तेव्हा सरकारने माघार घेतल्यासारखं दाखवलं. 1980 मध्ये सरकारी कार्यालयांत हिजाब आला, आणि 1983 मध्ये कायदा झाला: सार्वजनिक जागी हिजाब नसेल तर 74 फटके.

त्या मार्चच्या मोर्चात बरोबर चालणारे पुरुष फार थोडे होते. डाव्या पक्षांनीही ‘हे आत्ता महत्त्वाचं नाही, साम्राज्यवाद हा मुख्य शत्रू’ म्हणून बायकांना थांबायला सांगितलं. चार-पाच वर्षांत तेच पक्ष तुरुंगात किंवा कबरीत गेले. 2022 वेगळं ठरलं ते इथे. बायकांच्या घोषणेमागे पुरुष आले, कुर्दांच्या घोषणेमागे फारसी आणि बलुच आले.

दडपशाही चालते कशी

‘पोलिसांनी गोळीबार केला’ असं बातमीत एका ओळीत येतं. त्या एका ओळीत चार-पाच वेगवेगळ्या संस्था असतात.

क्रांतीनंतर नव्या राज्यकर्त्यांनी शहाचं सैन्य मोडलं नाही, पण त्यावर विसंबलेही नाहीत. मे 1979 मध्ये त्यांनी समांतर फौज उभी केली, रिव्होल्युशनरी गार्ड्स, फारसीत सिपाह-ए-पासदारान. सैन्याचं काम सीमा राखणं, सिपाहचं काम क्रांती राखणं. सिपाहला स्वतःचं गुप्तहेर खातं आहे, आणि स्वतःची अर्थव्यवस्थाही. ‘खातम अल-अंबिया’ ही तिची बांधकाम कंपनी धरणं, महामार्ग, तेल-वायूची कामं घेते. अमेरिकेच्या निर्बंधांमुळे परदेशी कंपन्या निघून गेल्या तेव्हा बरीच कामं अशा घरच्या कंपन्यांकडे आली. त्यामुळे राजवट पडली तर सिपाहच्या वरिष्ठांची फक्त नोकरी जाणार नाही, मालमत्ताही जाईल.

सिपाहच्या हाताखाली बासिज. हे स्वयंसेवक मोहल्ल्यातल्या मशिदीत, कॉलेजात, कारखान्यात, कचेरीत असतात. बासिजच्या सदस्यत्वाने विद्यापीठ प्रवेशात, नोकरीत झुकतं माप मिळतं. मोर्चा आला की मोटरसायकलवर दोघेदोघे बसून, हातात दंडुके घेऊन, तेच पुढे घुसतात. त्यांच्याबरोबर साध्या कपड्यातली माणसं. गोळी कोणी झाडली हे नंतर सिद्ध करणं अशाने जवळजवळ अशक्य होतं. आणि मारणारा परका नसतो. तो त्याच गल्लीतला असतो, कोणाच्या घरी कोण राहतं हे त्याला माहीत असतं.

अटकेनंतर खटला जातो क्रांती न्यायालयात. ही न्यायालयंही 1979 मधलीच, ‘तात्पुरती’ म्हणून आलेली. तिथे ज्युरी नाही. फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम 48 ला एक टीप जोडलेली आहे. तिच्यामुळे सुरक्षेशी संबंधित गुन्ह्यांत तपासाच्या टप्प्यावर आरोपीला स्वतःच्या पसंतीचा वकील घेता येत नाही, सरन्यायाधीशाने मान्य केलेल्या यादीतूनच घ्यावा लागतो. बहुतेक वेळा तेवढंही मिळत नाही. मग कबुलीजबाब येतो, बऱ्याचदा टीव्हीवर. आणि आरोप असतो ‘मोहारेबे’चा, म्हणजे देवाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. एखाद्याने कचऱ्याचा डबा आडवा टाकून रस्ता अडवला आणि चाकू दाखवला तर तो भांडणाचा गुन्हा होईल. तेच कृत्य देवाविरुद्धचं युद्ध ठरवलं की शिक्षा फाशीची होते.

मोहसेन शेकारी हा 23 वर्षांचा तरुण. तेहरानचा सत्तारखान रस्ता अडवला आणि बासिजच्या एकाला चाकूने जखमी केलं, हा त्याच्यावरचा आरोप. जखमी झालेला माणूस जगला. शेकारीला सप्टेंबर 2022 च्या अखेरीस अटक झाली आणि 8 डिसेंबरला फाशी. चार दिवसांनी मशहदमध्ये मजिदरेझा राहनवर्दला भर रस्त्यात क्रेनला लटकवण्यात आलं; त्याला अटक होऊन महिनाही झाला नव्हता. इतक्या घाईत पुरावा कोणता तपासला असेल? ही घाईच मला सगळ्यात भयानक वाटते. रस्त्यावर अजून माणसं होती, त्यांना दिसेल असं ते करायचं होतं.

इंटरनेट हा या यंत्रणेचा नवा हात. 15 नोव्हेंबर 2019 च्या रात्री सरकारने पेट्रोलचा भाव अचानक वाढवला: महिन्याच्या पहिल्या 60 लिटरला दीडपट, त्यापुढे तिप्पट. दुसऱ्या दिवसापासून जवळपास आठवडाभर देशाचं इंटरनेट जगापासून तोडलं गेलं. बँका आणि देशांतर्गत सेवा बऱ्याच अंशी चालू राहिल्या, कारण त्यासाठी वेगळं राष्ट्रीय जाळं आधीच बांधून ठेवलं होतं. त्या अंधारात अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या नोंदीनुसार 300 हून अधिक, आणि रॉयटर्सच्या वृत्तानुसार सुमारे 1,500 माणसं मारली गेली. सरकारने हे आकडे नाकारले. आकड्यांतली एवढी तफावतही इंटरनेट तोडण्याचं फळ आहे. महसाच्या वेळी सरसकट तोडलं नाही. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप अडवले, मोबाइल डेटा बराचसा संध्याकाळी बंद होई, कारण मोर्चे संध्याकाळी निघत.

चाळिसाव्याची ताकद तर हे राज्यकर्ते कोणाहीपेक्षा जास्त जाणतात. म्हणून मृतदेह लवकर पुरायला लावणं, रात्री पुरायला लावणं, घरच्यांना ‘अपघात’ म्हणायला लावणं, शोकसभा घेऊ नका म्हणून धमकावणं हे नेहमीचं झालं. तरी 26 ऑक्टोबर 2022 ला, जिनाच्या चाळिसाव्या दिवशी, रस्ते अडवलेले असताना हजारो माणसं शेतांतून, महामार्गावरून चालत सक्केझच्या कब्रस्तानाकडे गेली.

मार सगळ्यांना सारखा पडला नाही, हेही सांगायला हवं. सर्वाधिक मृत्यू कुर्द भागात आणि सिस्तान-बलुचिस्तानात झाले. 30 सप्टेंबर 2022 ला झाहेदानमध्ये शुक्रवारच्या नमाजानंतर जमलेल्या सुन्नी बलुच लोकांवर गोळीबार झाला. त्या एका दिवसात डझनावारी माणसं मेली, मुलंही. महसाची बातमी बाहेर आणणाऱ्या निलूफर हामेदी आणि इलाहे मोहम्मदी या पत्रकारांनी वर्षाहून अधिक काळ तुरुंगात काढला.

हे धर्म आणि अधर्माचं भांडण नव्हे

आपल्याकडे या विषयावर बोलताना गाडी पटकन ‘इस्लाम असाच’ या वळणावर जाते. ते चूक आहे आणि इराणी आंदोलकांवर अन्यायही. रस्त्यावर उतरलेल्यांत नमाज पढणारी, मोहर्रम पाळणारी माणसं होती. चादर घेणाऱ्या बायका बिनहिजाबाच्या मुलींच्या शेजारी उभ्या होत्या. झाहेदानच्या मक्की मशिदीचे मौलाना अब्दुलहमीद दर शुक्रवारी सरकारला जाब विचारत होते.

आणि सर्वात मोठं उदाहरण आयातुल्ला मोंतझेरींचं. विलायत-ए-फकीहचं तत्त्व घटनेत आणणाऱ्यांपैकी ते एक, खोमेनींचे घोषित वारसदार. 1988 च्या उन्हाळ्यात हजारो राजकीय कैद्यांना, ज्यांतले बरेच आधीच शिक्षा भोगत होते, काही मिनिटांच्या चौकशीनंतर फाशी देण्यात आलं. मोंतझेरींनी त्या चौकशी समितीच्या सदस्यांना समोर बसवून सांगितलं, की इस्लामी प्रजासत्ताकातला हा सर्वात मोठा गुन्हा तुम्ही केलात आणि इतिहास आपल्याला दोषी ठरवेल. त्या भेटीचं ध्वनिमुद्रण 2016 मध्ये त्यांच्या मुलाने प्रसिद्ध केलं. बैठकीत हजर असलेल्यांपैकी एक इब्राहिम रईसी, पुढे 2021 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले. मोंतझेरींचं वारसपद मार्च 1989 मध्ये गेलं, आणि नंतर त्यांना कित्येक वर्षं घरातच कोंडलं गेलं. खोमेनींच्या निधनानंतर अली खामेनींना सर्वोच्च नेता करण्यात आलं. त्यांच्याकडे ‘मरजा’ हा धर्मशास्त्रातला सर्वोच्च दर्जा नव्हता, म्हणून घटनेतली ती अटच काढून टाकली. सत्ता आणि धर्म यांत निवड करायची वेळ आली तेव्हा या राजवटीने काय निवडलं, ते इथे दिसतं.

परकी हात

प्रत्येक उठावानंतर सरकार म्हणतं, हे अमेरिका आणि इस्रायलचं कारस्थान. ते लोकांना पूर्णपणे हास्यास्पद वाटत नाही, याला कारण आहे. 1953 मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण करणाऱ्या पंतप्रधान मोसद्देकांना अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या गुप्तहेर संस्थांनी खरोखरच पदावरून घालवलं आणि शहाला पुन्हा बळ दिलं. ती जखम खरी आहे. निर्बंधांची झळही खरी आहे. 2018 मध्ये अमेरिकेने अणुकरार मोडल्यावर इराणचं चलन रियाल कोसळलं आणि जो मध्यमवर्ग बदल घडवू शकला असता तोच औषधांच्या रांगेत उभा राहिला. पण परदेशी शक्तींनी इराणचं वाईट केलं, म्हणून सक्केझच्या मुलीला कोठडीत मारणाऱ्यांचा दोष कमी होत नाही.

मग 1979 पुन्हा का घडलं नाही

शहाला पाडणाऱ्या तीन गोष्टींकडे परत पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. सरकारबाहेरचं जाळं उरलेलं नाही. शुक्रवारचे इमाम सरकारने नेमलेले, पक्ष मोडलेले, शिक्षकांच्या आणि बसचालकांच्या संघटनांचे पुढारी तुरुंगात. 2022 च्या चळवळीला नेता नव्हता. त्यामुळे कोणा एकाला पकडून ती संपवता आली नाही, पण वाटाघाट कोणी करायची, संप कधी पुकारायचा, उद्या सत्ता हाती आली तर काय, हे ठरवणारंही कोणी नव्हतं.

तेल थांबलं नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये तेल-वायू प्रकल्पांच्या असलूयेसारख्या ठिकाणी कंत्राटी कामगारांनी काम बंद केलं, पण ज्यांच्या हाती उत्पादनाची मुख्य सूत्रं आहेत ते कायम कामगार मोठ्या संख्येने उतरले नाहीत. आणि तिसरी गोष्ट, बंदूकधाऱ्यांची फूट, ती पडलीच नाही. 1979 मध्ये रस्त्यावरचा सैनिक सक्तीच्या भरतीतला गावाकडचा मुलगा होता, त्याच्या बहिणी मोर्चात होत्या. आता गर्दीवर धाडली जातात ती निवडून घेतलेली, विचारांनी आणि फायद्यांनी बांधलेली माणसं.

पुढे कधी इराणची बातमी वाचताना गर्दी किती मोठी होती यापेक्षा रिफायनऱ्या चालू आहेत का आणि सिपाहमधून कोणी आदेश नाकारला का, हे आधी पाहावं. राजवटीचे लोकही तेच पाहत असतात.

चळवळ मोडली गेली, पण एक गोष्ट सरकारला परत घेता आली नाही. 2023 पासून तेहरानच्या रस्त्यांवर, मेट्रोत, दुकानांत बिनहिजाबाच्या बायका सर्रास दिसू लागल्या. सरकारने कॅमेरे लावले, गाडीत बिनहिजाबाची बाई दिसली तर मालकाला मोबाइलवर इशारा पाठवला, अशा गिऱ्हाइकांना बसू देणाऱ्या कॅफेंना टाळं ठोकलं. एप्रिल 2024 मध्ये गश्तीच्या गाड्या पुन्हा आणल्या. बायका दुसऱ्या दिवशी तशाच बाहेर पडल्या. 2023 मध्ये मानवाधिकार कार्यकर्त्या नर्गिस मोहम्मदींना तेहरानच्या एविन तुरुंगात असताना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, आणि त्याच काळात मजलिसने जबर दंडांचा, तुरुंगवासाचा नवा हिजाब कायदा मंजूर केला. पालक मंडळाने त्याला होकार दिला. डिसेंबर 2024 मध्ये तो लागू व्हायचा होता, तेव्हा राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने तो थांबवून ठेवला. 1983 चा कायदा पुस्तकात आहेच, नवाही कोणी रद्द केलेला नाही. पण तो राबवायचा तर रस्त्यावर किती माणसं उभी करावी लागतील आणि पुन्हा एखादं सक्केझ घडलं तर काय, हा हिशेब आता सरकारला आधी मांडावा लागतो.